चित्राखालच्या चार ओळी

३ मार्च

आज माझ्या गळ्यात राजकन्या पडल्या. एक नाही, सहा.

मी जन्मभर वर्तमानपत्रात पुस्तकांची परीक्षणं लिहिली. माझ्या एका परिच्छेदाने भलेभले कादंबरीकार आठवडाभर तोंड लपवून बसत. त्या मी आता चार ते सात वयाच्या मुलांसाठी 'गुलाबी राजकन्या माला' लिहायची! लिहायची म्हणजे तरी काय? चित्रं परदेशातून विकत घेतली आहेत, छापूनही तयार आहेत. प्रत्येक चित्राखाली एक पांढरी पट्टी कोरी सोडली आहे. तिच्यात चार ओळी मावतात. पाचवी लिहिली तर ती राजकन्येच्या बुटांवर चढते. म्हणजे मी लेखक नव्हे, पट्ट्या भरणारा.

प्रकाशक त्याच्या कागदासारखाच गुळगुळीत आहे. म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखी भाषा आज आहे कोणाकडे? ही माला तेवढी मार्गी लावा, मग तुमच्या परीक्षणांच्या पुस्तकाचं बघूच." माझं ते बाड त्याच्या कपाटात केव्हाचं धूळ खातंय. त्याची गाठ घालून दिली जावयांनी. त्याला लागणारा सगळा कागद तेच पुरवतात, त्यामुळे त्यांचा शब्द तो खाली पडू देत नाही. नाइलाजाने हो म्हणालो.

घरी आणून चित्रं टेबलावर मांडली. सहाही जणींचे डोळे मनगटापेक्षा मोठे. कंबर इतकी बारीक की जेवलेलं जातं कुठे, हा प्रश्न चित्रकाराला कधी पडलेला दिसत नाही. पहिली बुरुजात कोंडलेली आहे. दुसरी तळ्याकाठी बसली आहे, का बसली आहे ते तिलाही ठाऊक नसावं. तिसरीचं हसू हरवलंय. चौथीकडे ससा आहे आणि तेवढंच तिचं कर्तृत्व. पाचवी आणि सहावी यांच्यात फरक झग्याच्या रंगाचा. शेवटच्या पानावर घोड्यावरून कोणीतरी येतो, राजा हात पसरून स्वागताला उभा, आणि खेळ खलास. मधल्या सगळ्या पानांवर बाईसाहेब वाट बघतात. दुसरा उद्योग नाही.

बायकोला दाखवली. ती म्हणाली, "झगे छान आहेत." एवढी वर्षं माझ्याबरोबर काढून ही रसिकता!

६ मार्च

लेक आली. न कळवता. बरोबर नात आणि एक अवाढव्य बॅग. नातीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती कुठेही शिरते. पाच वर्षांची आहे आणि जीभ सारखी चालू.

"थोडे दिवस राहते, अण्णा," लेक म्हणाली. राहा की! विचारायचं काय त्यात?

तिचा फोन बंद होता. चार्जर विसरली म्हणे. मी माझा पुढे केला तर म्हणाली, "राहू दे." नवल वाटलं, कारण एरवी ती आली की जावयांचे दिवसातून चार-पाच फोन येतात, तेही समोरचं दिसणारे. मग ती खोलीभर फोन फिरवून दाखवते: ही आई, हे अण्णा, हे स्वयंपाकघर, बाहेर कोणी नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊनही केवढी ओढ! मी फाडलेल्या शंभर कादंबऱ्यांत एकालाही असं प्रेम लिहिता आलं नाही.

या वेळी फोन मला आला. "अण्णा, नीट पोचली ना ती? तुमच्याकडेच आहे ना?"

"हो, ही काय समोर बसली आहे."

"मग मला काळजी नाही. तुमच्या सावलीत आहे." बोलण्यात किती मार्दव! त्यांचे वडील लग्नाआधीच गेले. मला वडिलांच्या जागी मानतात आणि दर फोनमध्ये तसं सांगतात. आजकाल कोण सांगतं?

फोन ठेवला तर लेक उठून उभी राहिली होती. "तुम्ही सांगितलंत?"

"मग काय खोटं बोलू?"

ती आत गेली. प्रवासाचा शीण असावा.

८ मार्च

बुरुजवालीला हात घातला. लिहिलं: 'एका बुरुजात एक राजकन्या राहत होती. बुरुजाला दार होतं. पण तिने ते कधी ढकलूनच पाहिलं नव्हतं. कारण ढकललं असतं तर पुस्तक संपलं असतं.' चार ओळी, नेमक्या पट्टीत. प्रकाशकाला फोनवर वाचून दाखवल्या. तो घाबरला. "साहेब, असं नको. मुलं प्रश्न विचारतील." मुलांनी प्रश्न विचारू नयेत म्हणून पुस्तकं काढणारा हा पहिलाच महाभाग.

लेकीला सासरी छान वळण लागलंय. "आई, पंखा लावू का?" "अण्णा, खिडकी उघडली तर चालेल?" "मी आता आंघोळीला जाऊ ना?" स्वतःच्या घरात! लग्नाआधी हीच मुलगी दारं आपटत फिरायची, तिच्या आवाजाने शेजारी हैराण व्हायचे. मी बायकोला म्हटलं, "बघ, किती मर्यादशील झाली." बायको माझ्याकडे बघत राहिली, मग पुन्हा कांदा चिरायला लागली.

९ मार्च

बायको सकाळी चहा घेऊन आली आणि दार लोटून घेतलं. "ती परत जाणार नाही म्हणतेय."

"कुठे परत?"

"तिच्या घरी. नवऱ्याकडे."

मी पेन्सिल खाली ठेवली. "मारतात का?"

"नाही."

"पितात?"

"नाही."

"बाहेर काही भानगड?"

"नाही हो."

"मग तक्रार तरी काय?"

"तुम्ही विचारा ना तिला. तुमची लेक आहे."

यात विचारण्यासारखं आहे काय? उगाच पराचा कावळा. घर आहे, गाडी आहे, नवरा सभ्य आहे, मोठ्यांचा मान ठेवतो. मी मुलीला राजकन्या म्हणून वाढवलं नाही. शिकवलं. नकाशे काढायच्या कचेरीत लागली होती, हात चांगला होता. लग्नानंतर सोडलं, तेही तिनेच. आणि आता काय, रुसून बुरुजात जाऊन बसली! माझ्या टेबलावर सहा होत्या, आता घरात सातवी.

एक मात्र स्पष्ट आहे. तिने परत जायला हवं, आणि हे चिघळायच्या आत. लोक मला विचारतील. प्रकाशकालाही कळेल.

११ मार्च

मुंगी टेबलावर पालथी पडून चित्रं बघते. तिला वाचता येत नाही, त्यामुळे माझ्या ओळींचा तिला काडीचा त्रास नाही. हा गुण समीक्षकांत हवा.

आज म्हणाली, "आजोबा, हिच्या दाराची कडी बाहेरून आहे."

भिंग लावून पाहिलं. खरंच, कडी बाहेरच्या बाजूला काढली आहे. मी कुत्सितपणे म्हटलं, "चित्रकाराचं लक्ष नव्हतं. चूक झाली त्याची."

"चूक नाही काही. बाहेरूनच लावतात."

"कोण लावतं?"

"ज्याला बाहेर जायचं असतं तो."

पोर तर्कशुद्ध आहे. माझ्यावर गेली.

मग तिने आणखी एक शोध लावला. "हा राजा सारखा राजपुत्राकडेच बघतो." मी सहाही पुस्तकांची शेवटची पानं शेजारी शेजारी ठेवली. सहाही राजे राजपुत्राकडे बघून हसताहेत. राजकन्या त्यांच्या कोपराशी उभी आहे, तिच्याकडे एकाचीही नजर नाही. चित्रकाराने एकच राजा काढला आणि सहा वेळा चिकटवला. आळशी माणूस. मोबदला मात्र सहा राजांचा घेतला असेल.

१२ मार्च

बाजारात असली पुस्तकं कशी असतात ते बघावं म्हणून पुस्तकांच्या दुकानात गेलो. अख्खी भिंत गुलाबी. एक पुस्तक उघडलं तर हाताला चमकी लागली, ती अजून निघत नाही. दुकानदार म्हणाला, "राजकन्या आणि डायनोसोर. बाकी काही हलत नाही." मी विचारलं, "आणि समीक्षा?" त्याने बोटाने जिन्याखालची जागा दाखवली. तिथे झाडूही ठेवला होता.

एक बाई मुलीसाठी पुस्तक निवडत होती. मुलीला डायनोसोर हवा होता. आई म्हणाली, "अगं, ते मुलांचं." मुलीने भोकाड पसरलं. मला त्या मुलीबद्दल आदर वाटला.

येताना नकाशांच्या कचेरीबाहेर लेक दिसली. हातात जुनी फाइल. सकाळी भाजी आणते म्हणून निघाली होती. मी रस्त्याच्या पलीकडून हाक मारली, तिला ऐकू गेली नाही. घरी आली ती रिकाम्या हाताने. भाजी चांगली नव्हती म्हणे. दोन दिवसांपूर्वीही नव्हती.

१४ मार्च

सहाही पुस्तकांची शेवटची ओळ प्रकाशकाने आधीच ठरवून टाकली आहे. 'आणि राजकन्या सुखाने नांदू लागली.' पालकांना ती लागतेच, असं त्याचं म्हणणं. ओळ शिळी आहे, पण तिच्यातल्या शब्दाबद्दल मी एक अक्षर ऐकून घेणार नाही. नांदणं! नुसतं राहणं नव्हे, आनंदात राहणं. घरात सुख नांदतं, गावात शांतता नांदते. दुसरा शब्द ठेवून बघा तिथे.

मुंगीने विचारलं, "नांदणं म्हणजे काय?" मी मूळ धातूपासून सुरुवात केली, उदाहरणं दिली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाही. नांदणं म्हणजे गप्प बसणं."

"कोणी सांगितलं तुला?"

"बाबांनी. आईला म्हणाले, नांदायचं असेल तर गप्प बस. मग आई नांदली. मी पण नांदले. माझं ताट उचलून नेलं तरी नांदले."

"बरं, वाक्यात उपयोग कर."

तिने केला. "मुंगी दाराआड नांदत होती."

मी ते कागदावर लिहिलं आणि तिला समजावलं, की कर्ता बरोबर, क्रियापद बरोबर, अर्थ तेवढा चुकला. शब्दाखाली लाल रेघ मारली. रेघ बघून ती थेट टेबलाखाली जाऊन बसली. हल्लीच्या मुलांना चूक दाखवलेली सोसत नाही.

लेक तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "अण्णा, ती तुम्हाला शब्दाचा अर्थ नाही सांगत आहे."

"मग काय सांगतेय?"

तिने घडी पूर्ण केली. "काही नाही," म्हणाली आणि टेबलाखाली वाकून मुंगीला बाहेर काढलं.

असं अर्धवट बोलणं मला लेखकांतही आवडत नाही.

१७ मार्च

जावई आले. मीच या म्हटलं होतं. घरात सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर रडारड झाली असती.

माझ्यासाठी एक भारी पेन आणलं. खुर्चीच्या अगदी कडेला, अदबीने बसले. "अण्णा, तुमच्या पुस्तकाचा कागद मी स्वतः निवडलाय. प्रकाशक पुढच्या महिन्यात छपाईला लावू म्हणतो." जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं हातात धरली, माझं एकही नाही.

मुंगी बाहेर आली. बापाला बघताच भिंतीशी स्टुलावर बसली, हात मांड्यांवर, पाय जुळवलेले. दिवसभर कान किटवणारी पोर, चकार शब्द नाही. म्हटलं, बापाचा वचक असावा तर असा. आमचं कोण ऐकतं?

"तुम्ही एक शब्द टाका," जावई मला म्हणाले. "तुमचा शब्द ती मोडणार नाही."

लेक आतल्या दारात उभी होती, बायको तिच्या मागे. मी टाकला शब्द. म्हटलं, "पुरे झाला रुसवा. बॅग भर. आपल्या घरी सुखाने नांद."

लेक जावयांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "अण्णा, मी आल्यापासून तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, का आलीस म्हणून."

"ही काय विचारायची वेळ आहे? ते खोळंबलेत."

बायको पुढे आली. "ती आज कुठेही जाणार नाही."

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. घरचा कर्ता म्हणून मला काहीतरी बोलणं भाग होतं. "चार दिवस जाऊ द्या," मी म्हणालो. "मी पाठवतो तिला."

"पाठवतो?" बायको म्हणाली. "पार्सल आहे का ती?"

तिने पाहुण्यांसमोर माझ्याशी असं बोलायची ही पहिलीच खेप. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जावई मात्र हसले. "तुमच्या शब्दावर जातो, अण्णा." उठले, लेकीने उघडलेली खिडकी आठवणीने लावली, कडी नीट बसली ना ते पाहिलं आणि गेले. किती बारीक लक्ष असतं माणसाचं!

१८ मार्च

बॅगा भरल्या गेल्या. पण दोन होत्या. दुसरी बायकोची.

"तू कुठे निघालीस?"

"तिच्याबरोबर. माझी शिंपीण मैत्रीण आहे ना, तिच्या दुकानावरची खोली रिकामी आहे. लेक सोमवारपासून नकाशांच्या कचेरीत कामाला जाईल. मुंगीला कोणीतरी बघायला हवं."

"अगं पण कशाला? इथे काय वाघ आहे?"

"इथे राहिलो तर त्याचा फोन येईल. आणि तुम्ही सांगाल, हो, ही काय समोर बसली आहे."

"आणि माझं जेवण?"

तिने पिशवीची गाठ मारली. "अंडी फ्रिजमध्ये आहेत."

लेकीने वाकून नमस्कार करून नीट निरोपाचं काही म्हटलं असतं तर मीही दोन शब्द बोललो असतो. ती म्हणाली, "येते, अण्णा," आणि दार तिनेच ओढून घेतलं. जोरात. लग्नाआधी आपटायची तसं.

मुंगीच्या हातात ससेवाल्या राजकन्येचं एक पान होतं. ते मी काढून घेतलं, प्रकाशकाचं आहे म्हणून.

२१ मार्च

अंडं उकडायला ठेवलं. फुटलं.

तळ्याकाठचीच्या चार ओळी लिहून झाल्या. वाचून दाखवायला घरात कोणी नाही. एकूण शांतता नांदते आहे.

२४ मार्च

जे झालं ते झालं तसं लिहितो.

सकाळी जावयांचा फोन आला, समोरचं दिसणारा. "चार दिवस कधीच झाले, अण्णा. ती कुठे आहे?"

म्हटलं, "जरा शांत होऊ दे तिला."

"मी तुमचं मत विचारलेलं नाही. कुठे आहे?"

आवाज चढला नव्हता. तसाच मऊ होता. मी गडबडलो आणि म्हणालो, इथे नाही. "बरं," ते म्हणाले. "मग जरा खोली दाखवा."

आणि मी दाखवली. फोन हातात धरून उठलो आणि फिरवला. ही माझी खुर्ची, हे टेबल, हे स्वयंपाकघर. "कपाटाच्या मागे?" मी कपाटामागे दाखवलं. "न्हाणीघर?" तेही दाखवलं. आणि मग मी म्हणालो, "बाहेर कोणी नाही." हे त्याने विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून आपोआप आलं.

"पत्ता द्या."

"मला माहीत नाही," मी म्हणालो. ते खोटं होतं. शिंपिणीचं दुकान मी पायी जाऊ शकतो इतकं जवळ आहे.

"अण्णा, तुमच्या बाडाला मी कागद देतोय. लक्षात असू दे. आणि जास्त बोलू नका, पत्ता तेवढा द्या."

मी फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. दुपारपर्यंत वाजत राहिला. मी, ज्याला भलेभले घाबरायचे, उशी दाबून फोनवर ठेवली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. उकडत होतं. खिडकी उघडायला उठलो आणि कडीला हात लावून थांबलो. कोणाची परवानगी हवी होती मला? माझं घर, माझी खिडकी.

माझी लेक वर्षानुवर्षं असा फोन फिरवत होती, आणि मी शेजारी बसून त्याला प्रेम म्हणत होतो. लाज वाटते. दुसरा शब्द शोधत नाही.

२७ मार्च

प्रकाशकाचा माणूस येऊन माझं बाड परत देऊन गेला. कागदाचा तुटवडा आहे म्हणे. जगातला सगळा कागद नेमका माझ्या पुस्तकापाशी येऊन संपला. राजकन्याही परत मागितल्या. गुळगुळीत माणसाने स्वतः फोन करायचं धाडसही केलं नाही, बुळचट कुठला.

राजकन्या देण्याआधी शेवटची पानं काढून पाहिली. सहा राजे, सहाही खुशीत, तोंडभर हसणारे. माझ्या उभ्या हयातीत इतका मठ्ठ चेहरा मी पाहिला नव्हता. सहाही पट्ट्या कोऱ्याच ठेवून दिल्या. त्यांना जी ओळ हवी ती ते कोणाकडूनही लिहून घेतील.

बाड उघडून चाळलं. दुसऱ्यांच्या चुका, पानामागून पान. त्यातल्या बऱ्याच बरोबर दाखवल्या होत्या मी.

३० मार्च

आज गेलो.

काय बोलायचं ते घरीच ठरवलं होतं. पहिलं वाक्य लिहून काढलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. 'मी तुला विचारायला आलोय,' इतकंच ठेवलं. त्यात विशेषण एकही नव्हतं.

शिंपिणीच्या दुकानात मशीन चालू होतं. तिने मला पाहिलं, ओळखलं आणि दोरा तोडायला मान खाली घातली. बाजूने जिना. वर एकच दार, त्याच्या आतून बोलण्याचे आवाज. मुंगीची बडबड, लेकीचं काहीतरी उत्तर, आणि मग लेक हसली. मोठ्याने. मी दार वाजवायचं ते विसरून तिथेच उभा राहिलो. मग वाजवलं.

आतले आवाज एकदम थांबले.

"कोण?" मुंगीने विचारलं.

"मी. आजोबा."

पावलं आली. दार वीतभर उघडलं. मुंगीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जिन्याकडे पाहिलं, माझ्या मागे कोणी आहे का ते. एक शब्द बोलली नाही. मी हसलो तरी बोलली नाही. दार तसंच ठेवून आत पळाली, आणि मला तिचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"आई, बाबांकडचे आजोबा आलेत."

चूक कानावर पडली की माझं तोंड आपोआप उघडतं, जन्माची सवय आहे. आताही उघडलं. बाबांकडचे आजोबा ती जन्मायच्या आधीच गेले. मी आईकडचा. आईचे वडील ते आईकडचे आजोबा. वाक्य ओठांवर तयार होतं. मी ते दोनदा मनात तपासलं आणि तोंड मिटलं. तिच्या वाक्यात मला चूक सापडली नाही.

मग लेकीचा आवाज आला, "थांबायला सांग त्यांना."

मी थांबलो.